मोबाइलमधले शेअर असतात कुठे?

'ॲपवर पैसे टाकण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडे दिलेले बरे,' असे अजूनही अनेक घरांत म्हटले जाते. नाशिककरांनी तरी हे म्हणण्याआधी दोन नावे आठवावीत. २०१४ मध्ये केबीसी मल्टिट्रेड आणि २०१६ मध्ये मैत्रेय या दोन्ही प्रकरणांत नाशिकमध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. दोन्हींचा पसारा एजंटांच्या साखळीवर उभा होता. तिथे ना ॲप होते, ना डिमॅट खाते.

दुसरी भीती अशी, की ॲपची कंपनी बुडाली तर शेअरही बुडतील. शेअर ॲपमध्ये नसतातच. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत, गुंतवणूकदाराच्या नावावर असतात. ब्रोकर फक्त व्यवहार करून देतो. अर्थात ब्रोकरही लबाडी करू शकतो. २०१९ मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने कार्वी या ब्रोकरवर कारवाई केली, ती ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण ठेवल्याबद्दल. आणि कार्वी ही गावोगावी शाखा असलेली जुनी पेढी होती! त्यानंतर सप्टेंबर २०२० पासून गहाणाचे नियम बदलले. आता गहाण ठेवलेले शेअरही ग्राहकाच्याच डिमॅट खात्यात राहतात. डिपॉझिटरीकडून ई-मेलवर येणारे एकत्रित विवरणपत्र उघडून पाहण्याचा कंटाळा मात्र करू नये.

'झीरो ब्रोकरेज' म्हणजे सगळे फुकट, असेही नाही. शेअर कागदी होते तेव्हा ते नावावर करून घेताना हस्तांतराच्या अर्जावर मुद्रांक चिकटवावे लागत. मुद्रांकांची छपाई नाशिकरोडच्या प्रेसचे जुनेच काम. आज ते तिकीट दिसत नाही, पण मुद्रांक शुल्क आपोआप कापले जाते. शिवाय एसटीटी हा व्यवहारावरचा कर आहे, विकताना डिमॅट खात्यावरचे डीपी शुल्क आहे.

मग लोक ॲपकडे वळले कशामुळे? 'पोरांना झटपट पैसा हवा' हे उत्तर अर्धवट आहे. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, २०२५ मध्ये ती २० कोटींवर गेली. टाळेबंदीने लोकांना घरी बसवले हे खरे, पण वाट आधीच तयार होती. २०१३ पासून म्युच्युअल फंडांत एजंटाच्या कमिशनशिवायचे 'डायरेक्ट प्लॅन' होते आणि २०१६ पासून यूपीआय. आधारवर केवायसी होऊ लागल्यावर खाते उघडायला शाखेत जाण्याची गरज उरली नाही. पाचशे रुपयांत एसआयपी सुरू होऊ लागली. अर्थात खाती म्हणजे माणसे नव्हेत. एकाची दोन-तीन खातीही असतात. पॅननुसार मोजलेले एनएसईचे गुंतवणूकदार जानेवारी २०२५ मध्ये ११ कोटी होते.

या सोयीची काळी बाजूही आकड्यांत आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तीन वर्षांत तोटा झाला.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिंकने ट्रेडिंग ॲप उतरवून घेऊ नका. ब्रोकरची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासा, आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.