तांबेकर वाडा : एका घराची भाषा

वाडा म्हणजे केवळ मोठे घर नव्हे. रस्त्याकडे पाठ आणि आतल्या चौकाकडे तोंड, ही त्याची मूळ खूण. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती स्थिरावले आणि दक्षिणेतून आलेल्या सरदार, कारकून, शास्त्री मंडळींबरोबर घर बांधण्याची ही रीतही येथे आली. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हा तिचा आपल्या शहरात उरलेला ठळक नमुना होय. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात, गणपतराव महाराजांच्या कारकिर्दीत, बडोदे राज्याचे दिवाण होते. हे त्यांचे राहते घर.

अशा घराचा सारा भार लाकडी सांगाडा पेलतो. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. विटांची भिंत ही बहुतेक ठिकाणी या सांगाड्याची सोबतीण. तुळई किती लांब मिळते, यावर दोन खांबांतले अंतर ठरे. त्या अंतराला 'खण' म्हणत. वाड्यांतील माजघरे, दिवाणखाने लांबट आणि अरुंद का असतात, याचे उत्तर या एका शब्दात आहे. जुन्या कागदपत्रांत घराचे मापही खणांनीच दिलेले आढळते. आजच्या विद्यार्थ्याला मात्र खण म्हटले की चोळीचा आठवतो, फार तर कपाटाचा! त्याच्या हाती आजोबांचे वाटणीपत्र दिले, तर अक्षर लागेल, पण घर दिसणार नाही. भाषेच्या अध्यापकाने इमारतींविषयी बोलावे काय, असे मला पुष्कळदा विचारण्यात येते. माझे उत्तर हेच आहे.

बडोद्याचा वाडा पुण्याच्या वाड्याची नक्कल मात्र नव्हे. आखणी दक्षिणी असली, तरी लाकडावर चालणारा हात गुजरातचा. या प्रांतातील सुतारांची कोरीव कामाची परंपरा मोठी. हवेल्या आणि देरासरे सजविणारे तेच कसब दिवाणांच्या घरातही उतरले. भाषेचेही असेच झाले. आपली बडोदेकरी मराठी ऐकून पुणेकर हसतात. त्यांनी एकदा हे खांब पाहावेत.

पण या वाड्याची खरी श्रीमंती वरच्या मजल्यांवरील भित्तिचित्रांत आहे. कृष्णलीला आणि महाभारतातील प्रसंगांच्या सोबतीला तेथे मराठे व इंग्रज यांच्या लढाईची दृश्ये आहेत आणि चक्क युरोपीय स्त्रियाही आहेत. कोणी याला गोंधळलेली अभिरुची म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या दिवाणाला सकाळी देवपूजा आणि दुपारी इंग्रज रेसिडेंटाशी व्यवहार करावा लागे, त्याच्या भिंतीवर ही दोन्ही जगे असणे स्वाभाविक आहे. दप्तरांत राज्यकारभार सापडतो. त्या कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय असे, ते येथे दिसते.

वाडा आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तरी अनेक चित्रे झिजली आहेत. चित्रित भिंतीचा मुख्य शत्रू पाणी. छपरातून झिरपलेले पाणी आधी भिंतीत पुरलेले तुळईचे टोक कुजवते, मग गिलावा सुटतो आणि गिलाव्याबरोबर चित्र जाते. नांदत्या कौलारू घरांत मृगापूर्वी कौले काढून, फुटकी बदलून पुन्हा बसवीत. त्या कामाला 'शाकारणी' म्हणत. खात्याचे संरक्षण नसलेल्या खाजगी वाड्यांत आता राहणारे थोडे आणि शाकारणी करणारे त्याहून थोडे.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे असतील, त्यांनी त्यांतील घराच्या वर्णनाच्या ओळी तेवढ्या उतरून शाळेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. त्यांतील शब्दांचे अर्थ सांगू शकणारी माणसे आपल्यात अजून काही आहेत.