आधी काय थांबतं: रक्त की वीज?

डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटबद्दल आपण एक साधा क्रम गृहीत धरतो: रक्तपुरवठा घटला, म्हणून मेंदूतली वीज मंदावली. हे खरंच आहे. निरोगी मेंदूत १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त फिरतं. ते २० च्या खाली गेलं की ईईजी सपाट होत जातो. १० च्या आसपास पेशींचे आयन पंपच बंद पडतात.

पण हा क्रम उलटाही चालतो. आरिस्तिदेस लिआव हा ब्राझीलचा तरुण संशोधक हार्वर्डमध्ये एपिलेप्सीवर पीएचडी करत होता. सशाच्या मेंदूला उत्तेजना दिली, तर झटक्याऐवजी शांततेची एक लाट संथपणे पसरताना त्याला दिसली. १९४४ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. लाटेचा वेग मिनिटाला जेमतेम २ ते ५ मिलिमीटर. ती जिथून जाते तिथे सोडियम पेशीत घुसतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशींचा विद्युतभार काही काळ जवळपास संपतो.

तो परत भरायला ऊर्जा लागते. निरोगी मेंदूत अशा वेळी रक्तवाहिन्या रुंदावतात. जखमी मेंदूत मात्र त्या आकसू शकतात. म्हणजे गरज सर्वात जास्त, तेव्हाच पुरवठा कमी! इथे वीज आधी कोसळते, रक्त नंतर.

पेशंटमध्ये हे कसं पाहतात? कवटी उघडून ऑपरेशन चालू असतानाच मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवतात. २०११ च्या एका अभ्यासात अशा १०३ पेशंटपैकी ५८ जणांमध्ये या लाटा सापडल्या. वय, इजेची तीव्रता वगैरे हिशोबात धरूनही लाटांचा वाईट परिणामांशी संबंध उरलाच. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. लाटा थांबवल्याने पेशंट सुधारतो का, हे पाहिल्याशिवाय तो दावा करता येत नाही.

आता तुमच्यासाठी सर्वात कामाची गोष्ट. या लाटेची मुख्य खूण म्हणजे विद्युतदाबात अगदी हळू होणारा बदल. नेहमीचे ईईजी अॅम्प्लिफायर असे संथ बदल गोंगाट समजून गाळून टाकतात. म्हणजे पुरावा समोर असूनही मशीनच तो पुसत होतं.

तेव्हा डेटाला फिल्टर लावण्याआधी एकदा विचारा: यातून मी नेमकं काय फेकतोय?