मंत्र्यांनी ‘हो’ म्हटल्यानंतर

वसई-विरारमध्ये सोसायटीच्या सभेत पाण्याचा नाहीतर रस्त्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, “चला, थेट मंत्र्यांनाच भेटू.” भेटायला हरकत नाही. पण कोणत्या मंत्र्यांना भेटायचे आणि त्यांच्या हातात काय आहे, हे आधी ठाऊक असले तर विरार-चर्चगेटची खेप फुकट जात नाही.

सुरुवात विधानसभेपासून. एकूण 288 जागा, म्हणजे बहुमताला 145. ज्यांच्यामागे बहुमत दिसते त्यांना राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात आणि बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमले जातात. शपथेच्या दिवशी आमदार असणे सक्तीचे नाही, मात्र सहा महिन्यांत विधानसभेचे किंवा विधान परिषदेचे सदस्य व्हावे लागते. उद्धव ठाकरे यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये शपथ घेतली, ते आमदार झाले मे 2020 मध्ये.

मंत्री हवे तितके करता येत नाहीत. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्र्यांसह विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे तो आकडा 43 होतो. 5 डिसेंबर 2024 रोजी आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस, एकनाथ शिंदे आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला आणि 15 तारखेला नागपुरात आणखी 39 जणांचा. झाले 42. एक जागा मोकळी ठेवली की किती नाराज आमदार आशेवर राहतात, हे सांगायला नको.

शपथ झाली म्हणजे खाते मिळाले असे नाही. त्या वेळी खातेवाटप 21 डिसेंबरला झाले. मधला हिवाळी अधिवेशनाचा आठवडा बहुतेक मंत्र्यांनी खात्याविनाच काढला. अशा दिवसांत आपले निवेदन हसून स्वीकारले जाते, पण त्यावर शेरा मारण्याचा अधिकार त्या बिनखात्याच्या मंत्र्यांकडे नसतो.

खात्याचे प्रमुख कॅबिनेट मंत्री. राज्यमंत्री त्यांच्या हाताखाली काम करतात, नेमून दिलेले विषय पाहतात आणि एरवी मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसत नाहीत. उपमुख्यमंत्री हे पद तर राज्यघटनेत नाहीच. त्यांचे अधिकार त्यांच्याकडच्या खात्यांपुरते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दार निवडताना. नळाला पाणी नाही म्हणून पाणीपुरवठा मंत्र्यांना पत्र जाते. पण वसई-विरार महापालिका नगरविकास खात्याखाली येते, आणि सूर्या धरणाचे पाणी आणणारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) योजनाही त्याच खात्याच्या वर्तुळात आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे खड्डे आणि विरार लोकलची गर्दी हे दोन्ही विषय तर केंद्राचे. मंत्रालयात त्यांविषयी पत्र दिले तर फार तर ते पुढे पाठवले जाईल.

पालकमंत्र्यांविषयीही गैरसमज फार. हे पद घटनेत नाही आणि पालकमंत्री जिल्ह्यातलेच असतील असेही नाही. आपल्या पालघर जिल्ह्याचे पालकमंत्री राहिलेले विष्णू सवरा याच जिल्ह्यातले होते, तर जानेवारी 2025 मध्ये नेमलेले गणेश नाईक नवी मुंबईतल्या ऐरोलीचे आमदार. त्यांचे खरे बळ जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षपदात, म्हणजे जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा कुठे जावा हे ठरवण्यात आहे. दुसऱ्या खात्याची फाईल ते मंजूर करू शकत नाहीत.

आता फाईल. ती कक्ष अधिकाऱ्यापासून चढत सचिवांकडे आणि तिथून मंत्र्यांकडे जाते. विषय मोठा असेल तर मंत्रिमंडळासाठी टिपणी, म्हणजे प्रस्तावाचा लेखी मसुदा, तयार होते. पैशांचा प्रश्न असेल तर वित्त विभागाचा आणि कायद्याचा असेल तर विधी व न्याय विभागाचा अभिप्राय लागतो. फायली अडकतात त्या बहुतेक इथेच, आणि मंत्र्यांच्या दालनाबाहेर ताटकळणाऱ्याला याचा पत्ता नसतो. ‘मंत्र्यांनी सही केली, तरी काम होत नाही’ ही तक्रार ऐकली की आधी फाईल कोणत्या विभागात आहे ते विचारावे.

बैठकीत मंजुरी मिळाली की संध्याकाळी बातमी येते आणि गावात फटाके वाजतात. थोडे थांबावे. अंमलबजावणीला त्या त्या विभागाचा शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात, किंवा अधिसूचना निघावी लागते. जीआर शासनाच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि तारखेसह पाहता येतात. त्यातल्या अटी जरूर वाचाव्यात, कारण घोषणेत सरसकट वाटणारी गोष्ट जीआरमध्ये बरीच आखूड झालेली असू शकते.

आणि कागद निघाला तरी तो टिकेलच असे नाही. जुलै 2009 मध्ये 4 नगरपरिषदा आणि 53 गावे मिळून आपली महापालिका झाली. गावांनी आंदोलन केले. 2011 मध्ये शासनाने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला, महापालिका उच्च न्यायालयात गेली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. पुढची कित्येक वर्षे ही गावे शासनाच्या निर्णयानुसार बाहेर आणि व्यवहारात महापालिकेत राहिली. 2024 मध्ये शासनाने तो निर्णयच फिरवला. दरम्यान मुख्यमंत्री किती बदलले ते मोजून पाहावे.

म्हणून आपण निवेदन द्याल तेव्हा विषय एकच ठेवावा, खात्याचे नाव ठळक लिहावे आणि जुन्या जीआरचा क्रमांक असल्यास तो वरच टाकावा. आवक शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय तिथून निघू नये.