नेवाशाची ओवी आणि पापाचा इशारा

नेवाशाला गेलात की पैस खांबापाशी क्षणभर ओवीच्या पुढच्या प्रवासाचाही विचार करा. ज्ञानेश्वरी 1290 साली इथेच, ओवीत सांगून झाली. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, 1616 मध्ये, गोव्यातल्या राचोल इथे एका इंग्रज जेझुइट पाद्र्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, तेही ओवीतच. त्याचं नाव फादर थॉमस स्टीफन्स. 1579 मध्ये तो गोव्याला आला आणि मराठीत रमला.

त्याआधी मायकेलअँजेलोने रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये अंतिम न्यायाचा देखावा रंगवला होता. पापाचं फळ काय, हे तिथे भिंतीवर डोळ्यांना दिसतं. स्टीफन्सने तोच इशारा मराठी कानांपर्यंत पोहोचवला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, मग वाचायचं काय? काव्यातला एक ब्राह्मण पाद्री गुरूला हेच विचारतो आणि कथा सुरू होते. ग्रंथातल्या पहिल्या पुराणात आदाम-एवेचं पतन, काइनाने केलेला भावाचा खून, जलप्रलय, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. जवळजवळ अकरा हजार ओव्या! मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही की इथे पापाची भीती घालून ऐकणाऱ्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. पतनाच्या कथेतच तारणाऱ्याचं वचन येतं.

मूळ छापील ग्रंथ रोमन लिपीत होता. त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. शांताराम बंडेलूंनी 1956 मध्ये पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरीयामातेच्या, यात्रेला जाणाऱ्या भाविकांनो, ती मिळवा आणि घरात मोठ्याने वाचा.