उपमुख्यमंत्री नावाची पाटी

गेल्या चाचणी परीक्षेत आमच्या नातीचा एक गुण गेला. प्रश्न होता, ‘मुख्यमंत्र्यांचे पद रिकामे झाले तर ते आपोआप कोणाकडे जाते?’ तिने ठणठणीत अक्षरात लिहिले, ‘उपमुख्यमंत्र्यांकडे’. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. पोर रडकुंडीला आली. “आजोबा, मग ‘उप’ कशाला असतो?”

वाचकहो, प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. मी कपाटातून राज्यघटनेची प्रत काढली आणि तिला 163 व 164 ही कलमे वाचायला लावली. मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत, राज्यपाल तर आहेतच. उपमुख्यमंत्री मात्र कुठेच नाही! शपथही मंत्र्याचीच. 1989 मध्ये दिल्लीत राष्ट्रपती वेंकटरामन ‘मंत्री’ म्हणून शपथ सांगत होते आणि चौधरी देवीलाल हट्टाने ‘उपपंतप्रधान’ म्हणत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1990 मध्ये निकाल लागला तो असा, की शपथ बिघडली नाही, पण गृहस्थ इतरांसारखेच एक मंत्री. 2024 साली राज्यांतल्या उपमुख्यमंत्र्यांविषयीही न्यायालयाने तेच सांगितले: नाव घटनाबाह्य नाही, पण त्या नावाने जादा अधिकारही मिळत नाहीत.

महाराष्ट्राने पहिली 18 वर्षे या पदावाचून सुखाने काढली. यशवंतराव चव्हाणांना उपमुख्यमंत्री नव्हता. वसंतराव नाईकांनी 11 वर्षांहून अधिक काळ राज्य चालवले, त्यांनाही नव्हता. गरज पडली ती 1978 साली. निवडणुकीत जनता पक्षाला 99 जागा मिळाल्या आणि दुभंगलेल्या दोन काँग्रेस सत्तेसाठी एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले, आणि इंदिरा काँग्रेसचे, विदर्भातले नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री.

माझे वडील सचिवालयात कारकून होते. (1975 नंतर त्याचे मंत्रालय झाले, पण त्यांच्या तोंडी अखेरपर्यंत सचिवालयच.) त्या दिवशीचे वर्तमानपत्र घडी करून ते म्हणाले, “पाटी काय लिहिली आहे ते पाहू नकोस, फाईल कुणाच्या टेबलावर थांबते ते पाहा.” ती जोडी चार-पाच महिनेच टिकली. जुलैत शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आणले. त्यात बीडचे सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री झाले.

वडिलांचे म्हणणे मला पुढे फार पटले. गोपीनाथ मुंडे, छगन भुजबळ, आर. आर. पाटील यांचा दरारा होता तो त्यांच्याकडे गृहखाते होते म्हणून. आणि कोणते खाते कोणाला, हे मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने ठरते. दरारा खात्याचा, तशी जबाबदारीही खात्याचीच. 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर आर. आर. आबांना राजीनामा द्यावा लागला.

मग ‘उप’ कशाला? खरे सांगायचे तर भागीदाराची समजूत काढायला. 2004 मध्ये राष्ट्रवादीच्या जागा 71 आणि काँग्रेसच्या 69, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे गेले. धाकट्या भावाने वाडा सोडावा आणि ओसरी मागून घ्यावी, तसे उपमुख्यमंत्रिपद घेतले गेले; अर्थात चांगली खातीही. इथे तर जागांच्या हिशेबाने धाकटाच थोरला होता! 2003 च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या 15 टक्क्यांवर बांधली. आपल्या 288 च्या सभेत म्हणजे 43. खुर्च्या वाढवता येत नाहीत, पाट्या वाढवता येतात. आंध्रात 2019 मध्ये एकदम पाच उपमुख्यमंत्री झाले होते.

मला स्वतःला हे पद निरुपयोगी वाटत नाही. दोन पक्षांतला तह लोकांसमोर उघड मांडलेला बरा. खटकते ते एवढेच, की ‘आपल्या भागाला उपमुख्यमंत्रिपद मिळाले’ म्हणून गावोगाव फटाके वाजतात आणि खाते कोणते मिळाले हे कुणी विचारत नाही.

मुख्यमंत्री राहिलेला माणूस उपमुख्यमंत्री होतो, हेही आपण 2022 आणि 2024 मध्ये पाहिले. नातीला हे सांगितले तेव्हा ती चकली खाता खाता थांबली.

“आजोबा, 2024 मध्ये तर दोन होते. त्यांच्यात मोठा कोण?”

मी घटनेची प्रत कपाटात ठेवली आणि तिच्या आजीकडे आणखी एक चकली मागितली.