आरशामागचे डोळे

मागच्या लग्नसराईत आमच्या घरी सगळे फोटोसाठी उभे राहिले, तर भाची मागच्या रांगेत जाऊन लपली. "मामू, मी जाड दिसते," म्हणाली. मी चमकलो. कारण वर्षभरापूर्वी गमतीनं "काय गं, सुटलीस की!" म्हणणारा मीच होतो. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती.

श्रोतेहो, स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेनं पाहायची ही सवय. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली तिची मीमांसा केली. मराठीत तिला 'स्व-वस्तूकरण' म्हणता येईल. बाईला सतत न्याहाळलं जातं, जोखलं जातं. होता होता ती परकी नजर तिच्या आतच मुक्कामाला येते. मग शरीर काय करू शकतं, यापेक्षा ते कसं दिसतं, हेच मोठं होऊन बसतं.

१९९८ साली त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तरुण-तरुणींना एकेकटं, मोठ्या आरशासमोर, पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला दिला आणि त्याच कपड्यांत गणितं सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. खोलीत तर दुसरं कुणीच नव्हतं! मुलांचे गुण तसे घसरले नाहीत. पण २००४ च्या एका प्रयोगात पुरुषांना अंगाला घट्ट बसणारा पोशाख दिला, तेव्हा त्यांचीही तीच गत झाली.

कारण साधं आहे. मन एकच. त्यातलं निम्मं जर 'मी कशी दिसतेय' याच्या पहाऱ्यावर बसलं, तर गणिताला उरणार किती? या सिद्धांताप्रमाणे अशा पहाऱ्यामुळे शरीराची लाज वाटू लागते, कामात रमणं कमी होतं आणि पोटातली भूकही नीट ऐकू येत नाही.

पूर्वी आरसा भिंतीवर असे. आता तो मोबाइलमधून खिशात आलाय. पण दोष एकट्या मोबाइलचा नाही. आम्ही कवींनीही चेहरा चंद्राशी आणि कंबर मुठीशी मोजली. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' आपणच छापतो.

परवा भाची भेटली. मी आधी माफी मागितली, मग विचारलं, "सध्या काय वाचतेस?" ती अर्धा तास बोलत राहिली. तेवढ्या वेळात तिनं ओढणी एकदाही सारखी केली नाही.