ई नाही म्हणून विषाणू थंड?

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात काय किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत काय, धडधाकट माणसाला आपल्या हेपॅटायटिस बीचा पत्ता लागतो तो बहुधा रक्तदानानंतर किंवा ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीत. यकृताचे रिपोर्ट ठीक असले, तर डॉक्टर त्याला 'निरोगी वाहक' म्हणून घरी पाठवत.

या निश्चिंतीमागे ई-अँटिजेन हे विषाणूचं एक प्रथिन होतं. १९७२ मध्ये ते सापडल्यावर हिशेब सोपा झाला: रक्तात ई आहे तर विषाणू जोरात, नाही तर थंडावलेला. पण ई नसतानाही भूमध्य समुद्राकाठच्या काही रुग्णांची यकृतं खराब होत होती. १९८९ मध्ये विल्यम कार्मन आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण दाखवलं. विषाणूच्या सुमारे ३,२०० अक्षरी जनुकसंचात १८९६ व्या जागी 'जी'ऐवजी 'ए' आलं होतं. तेवढ्यानं ई बनवण्याची आज्ञा मधेच तुटते. विषाणूचं उत्पादन मात्र चालूच राहतं. नक्कल करताना झालेल्या चुका तपासण्याची सोय त्याच्या एन्झाइमकडे नाही, त्यामुळे असे बदल होतच राहतात.

विषाणूच्या सगळ्याच वाणांना (जीनोटाइपना) हा बदल मानवत नाही. १८९६ ची जोडी १८५८ व्या अक्षराशी जुळते. 'ए' वाणात तिथं सहसा 'सी' असतो, म्हणून 'जी' बदलला की जोडी विस्कटते. 'डी' वाणात उलट ती घट्ट होते. पश्चिम भारतात हे दोन्ही वाण आढळतात.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं २००३ मध्ये वेगवेगळ्या गटांतल्या भारतीय रुग्णांत हे बदल शोधले होते. २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासात हेपॅटायटिस बीनं पटापट बळी घेतले, तेव्हा त्या शोधाचं महत्त्व कळलं. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांना तिथल्या विषाणूत १८९६ वरचं हेच उत्परिवर्तन सापडलं, शिवाय १७६२ आणि १७६४ वरचे बदलही. विषाणू पसरवला होता तो नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांनी. विषाणूच्या चतुराईपेक्षा माणसाचा हलगर्जीपणाच इथं मोठा ठरला.

'निरोगी वाहका'ला आता 'निष्क्रिय वाहक' म्हणतात, तेही एका रिपोर्टवर नव्हे: एएलटी हे यकृताचं एन्झाइम आणि विषाणूच्या डीएनएचं प्रमाण पुन्हापुन्हा मोजून. हेपॅटायटिसच्या नियंत्रणासाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. लस मात्र विषाणूच्या बाह्य आवरणातल्या प्रथिनाची असल्यामुळे ई नसलेल्या विषाणूवरही चालते. वाहक आईच्या बाळाला या लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो.